वाळूवरचा मुक्काम

'वाळवंट' हा शब्द भोकरच्या माणसाला ऐकवला तर त्याच्या डोळ्यांसमोर अरबस्तान येणार नाही. नांदेडला उन्हाळ्यात आटलेल्या गोदावरीचे पात्र येईल. मराठीत वाळवंट म्हणजे मुळात नदीकाठची वाळू. पंढरपूरला चंद्रभागेचे वाळवंट आहे आणि वारकरी तिथे कीर्तनाला बसतात. ज्या प्रदेशात पाण्याचा थेंब नाही अशा भूमीसाठी आपण नदीचाच शब्द उसना घेतला, यातच आपले आणि खऱ्या वाळवंटाचे अंतर दिसते. नदीच्या वाळूत हातभर झरा खणला की पाणी लागते. अरबस्तानच्या रेतीत हात घातला तर हात भाजतो.

तरीही नांदेड, भोकर, मुदखेड, किनवट, कंधार या भागातल्या कितीतरी माणसांनी त्या रेतीवर रात्री काढल्या आहेत. ती सहल नव्हती, हज होता. हल्ली वर्तमानपत्रांत जाहिराती असतात: दुबईची किंवा जैसलमेरची 'डेझर्ट सफारी', छोटा गट, संध्याकाळी उंटावर फेरी, रात्री तंबूत जेवण आणि नाचगाणे, सकाळी परत. आमच्या भागातली मुले आखातात नोकरीला आहेत. त्यांच्या मोबाईलवरून अशा मुक्कामाची छायाचित्रे गावात येतात आणि घरातली म्हातारी माणसे ती कौतुकाने पाहतात. यात वाईट काही नाही. परंतु हाच मुक्काम तीन-चार पिढ्यांपूर्वी आपल्या लोकांनी कसा केला, त्याची किंमत काय मोजली आणि त्यांना उंटावर घेऊन जाणारे लोक कोण होते, हे विचारण्याची वेळ आली आहे. सांगणारी पिढी जवळजवळ संपली आहे.

आधी शब्दाचेच पाहू. 'सफारी' हा शब्द इंग्रजांनी पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेतून उचलला आणि स्वाहिलीने तो अरबी 'सफर'वरून घेतला. इंग्रजीत तो रूढ करण्याचे श्रेय सामान्यपणे रिचर्ड बर्टनला दिले जाते. हा बर्टन मुंबई इलाख्याच्या फौजेतला अधिकारी. त्याने १८५३ साली मुसलमान वैद्याचे सोंग घेऊन मदिना ते मक्का हा प्रवास उंटाच्या काफिल्याबरोबर केला आणि त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. आपल्या घरातला सफर, मुसाफिर, मुसाफिरखाना हा शब्दपरिवार असा जगाची फेरी मारून सफारी सूट आणि सफारी बॅग होऊन परत आला.

भोकरहून मक्केला जायचे म्हणजे काय, याची कल्पना आज येणार नाही. रेल्वे येण्यापूर्वी बैलगाडीने नांदेड, तिथून परभणी, जालना, औरंगाबाद असे मुक्काम करत पश्चिमेला सरकायचे. त्याही आधी, मोगलांच्या काळात, दख्खनच्या हाजींचे बंदर सुरत होते आणि सुरतेला मक्केचा दरवाजा म्हणत. नांदेड त्या काळच्या मोठ्या रस्त्यावर होते. सतराव्या शतकाच्या मध्यावर गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसाठी ये-जा करणारा फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये औरंगाबादहून नांदेडमार्गेच गेला. नांदेडला नदी ओलांडताना गाडीमागे चार रुपये पट्टी आणि सुभेदाराचा परवाना लागतो, अशी तक्रारवजा नोंद त्याने केली आहे. पुढे १९००च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे झाली आणि सिकंदराबाद-मनमाड मार्गावर नांदेड, मुदखेड, उमरी ही स्टेशने आली. मुदखेडहून भोकर, हिमायतनगर, किनवट करत आदिलाबादला जाणारा फाटा त्यानंतरचा. मनमाडला गाडी बदलली की थेट मुंबई. कोकणातल्या वाचकांना जहाजाचे अप्रूप नसेल, त्यांचे आजे-पणजे खलाशीच होते. मराठवाड्याच्या माणसाने मात्र समुद्र पहिल्यांदा पाहिला तो हजला जातानाच.

मुंबईत मुसाफिरखान्यात जागेसाठी धडपड, टोचणी, परवाना, आणि मग डेकवरची पथारी. १८८६ ते १८९३ या काळात इंग्रज सरकारने हाजींच्या वाहतुकीचे काम थॉमस कुक कंपनीला देऊन पाहिले. म्हणजे आजच्या सहल कंपन्यांची ही आद्य जननी एकेकाळी आपल्या पणजोबांची तिकिटे कापत होती. मुंबईची जहाज कंपनी १८७७ साली निघाली, १९३८ नंतर ती मोगल लाईन या नावाने ओळखली गेली आणि १९६२ साली सरकारच्या ताब्यात आली. तिच्या जहाजांतून १९९५ पर्यंत हाजी समुद्रमार्गे जात राहिले. वाटेत तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर क्वारंटाईन. मग जिद्दा. समुद्राचा त्रास संपला असे वाटावे तोच पुढे वाळवंट सुरू होई.

जिद्दा ते मक्का अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. आपल्याकडचे नांदेड-भोकर धरा आणि त्यात आणखी थोडे मिळवा. आज तासाभराचे काम. उंटावरून याला दोन रात्री लागत आणि मध्ये बहरा किंवा हद्दा इथे मुक्काम पडे. पण खरी कसोटी मक्का ते मदिना या वाटेवर होती. साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, दहा ते बारा दिवस. हज संपल्यावर अंगातली शक्तीही संपलेली असताना हा प्रवास करायचा.

या वाटेवरचे वाहन म्हणजे शुग्दुफ. उर्दू सफरनाम्यांतून हा शब्द वाचलेला असतो, वस्तू कुणी पाहिलेली नसते. उंटाच्या पाठीवर दोन्ही अंगांना लोंबणारे लाकडी चौकटीचे, दोरीने विणलेले दोन पाळणे आणि वर चटईचे किंवा कापडाचे छत. एका पाळण्यात एक माणूस आणि दुसऱ्यात दुसरा. दोघांचे वजन सारखे असावे लागे. नसेल तर हलक्या बाजूला सामान किंवा दगड भरायचे. चढायचे दोघांनी एकाच वेळी आणि उतरायचेही एकाच वेळी. एकाने चुकून उडी मारली तर दुसरा पाळण्यासकट जमिनीवर. नवरा-बायको एका उंटावर बसत आणि वजनाचा हिशेब उंटवाला, म्हणजे जम्माल, सगळ्यांदेखत करी. भांडणांना तिथूनच सुरुवात होत असली पाहिजे.

आणि हा प्रवास रात्रीचा. दुपार ढळल्यावर काफिला हलायचा आणि उत्तररात्री किंवा पहाटे थांबायचा. लोकांना वाटते, ऊन टाळण्यासाठी. ते खरेच, पण अर्धेच. १८१४-१५ मध्ये हिजाझमध्ये राहिलेला स्विस प्रवासी बुर्कहार्ट दुसरे कारण सांगतो: उंट दिवसा चरतो, रात्री चरत नाही. दिवसा चालवले तर जनावर उपाशी राहील, म्हणून दिवस जनावराचा आणि रात्र माणसांची. रात्रभर पाळण्यात झोके खात, अर्धवट झोपेत, समोरच्या उंटाच्या शेपटीला बांधलेल्या आपल्या उंटावर जायचे. नैसर्गिक विधीसाठी उतरलेला माणूस मागे पडला की लुटला जाई, कधी मारला जाई. छावणी पडली की सामानाचे गोल कुंपण करायचे, बायका-मुले मध्ये, आणि आळीपाळीने पहारा.

सामानाचे गोल कुंपण म्हटल्यावर भोकर-किनवटच्या माणसाला काही आठवायला हवे. आमचा भाग बंजाऱ्यांच्या तांड्यांचा. आज तांडा म्हणजे वस्ती, पण मूळचा तांडा म्हणजे चालता काफिला: हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ. ताव्हेर्नियेने दहा-बारा हजार बैलांचे तांडे रस्ता अडवून चाललेले पाहिले. रात्री मुक्कामाला बंजारे गोण्यांची भिंत रचत, आत माणसे आणि जनावरे, बाहेर कुत्री. मोगलांच्या दख्खन मोहिमांना रसद पोचवणारे हेच लोक. भंगी आणि जंगी या नायकांना आसफखानाच्या फौजेबरोबर चालण्याचा परवाना ताम्रपटावर मिळाला होता, दुसऱ्याच्या रांजणातले पाणी आणि छपराचे गवत घेण्याचीच नव्हे तर दिवसाला तीन खुनांची माफी होती, अशी परंपरा हैदराबादेत सांगितली जाई. ताम्रपटाचे खरेखोटे काहीही असो, फौजेला धान्य पोचवणाऱ्याला राज्यकर्ते काय काय माफ करत होते ते यातून कळते.

बदूंकडे आम्ही याच नजरेने पाहतो. आपल्या जुन्या लोकांच्या तोंडी 'बद्दू' म्हणजे लुटारू असाच अर्थ होता. हाजी परत आला की बद्दूंच्या गोष्टी सांगायचा आणि मुले अंगणात बसून ऐकायची. लूट होत असे यात शंका नाही. बर्टनच्या काफिल्यावरही मक्केच्या अलीकडे एका खिंडीत गोळीबार झाला आणि उंट पडले. १७५७ साली तर दमास्कसचा परतणारा हज काफिला बनी सख्र टोळीने उद्ध्वस्त केला आणि तहान व उपासमारीने हजारो माणसे मेली. पण याचे कारण केवळ क्रौर्य नव्हते. काफिल्याला आपल्या मुलखातून, आपल्या विहिरींवरून जाऊ देण्याबद्दल टोळ्यांना तुर्की सरकारकडून दरसाल रक्कम मिळत असे. ती 'सुर्रा' थकली, मधल्यामध्ये अधिकाऱ्यांनी खाल्ली किंवा दुष्काळ पडला, की वाट बंद. हाजी उंटाचे भाडे मक्केत ठेकेदाराला मोजत असे आणि त्यातला मोठा वाटा शरीफ, मुअल्लिम आणि दलाल यांच्यात जिरत असे. उन्हात चालणाऱ्या जम्मालच्या हातात जे पडे ते थोडे. हाजीच्या दृष्टीने बद्दू जुलमी, बद्दूच्या दृष्टीने हाजी म्हणजे शहरातल्या लोकांनी आपल्या विहिरीवरून फुकट नेलेला माल. दोघांनाही लुटणारे तिसरेच होते, आणि ते सावलीत बसले होते.

भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३-६४ साली मोठ्या लवाजम्यानिशी हजला गेल्या. बरोबर माणसे होती, पैसा होता, इंग्रज सरकारची ओळख होती. तरी मदिनेच्या वाटेची भीती आणि खर्च यांचा हिशेब करून त्या मदिनेला न जाताच परतल्या, आणि याची कारणे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात मोकळेपणाने लिहून ठेवली. राज्य चालवणारी बाई जिथून मागे फिरली त्या वाटेने आपल्याकडचे शेतकरी, विणकर, पिंजारी, शाळामास्तर गेले. जमीन गहाण ठेवून, कफनाचे कापड बरोबर घेऊन, आणि निघण्यापूर्वी घरोघर फिरून 'कहा-सुना माफ करा' म्हणून. हे 'माफ करा' उपचार नव्हते. परत न येण्याची शक्यता हिशेबात धरलेली होती. पैसे संपलेले निराधार हाजी जिद्द्याच्या रस्त्यावर अडकून पडत. १९२५ साली सरकारने परतीचे तिकीट सक्तीचे केले ते त्यामुळेच.

छोट्या गटाची गोष्ट इथे महत्त्वाची आहे. हजारो उंटांच्या काफिल्यात माणूस एकटाच असतो. त्याला जगवतात ते त्याच्या चुलीवरचे पाच-दहा जण. प्रवासाला तिघे निघाले तर त्यांनी एकाला अमीर करावे, ही हदीसची शिकवण वाळवंटाच्या अनुभवातून आलेली आहे. पाणी किती वाटायचे, कुणी जागायचे, कुठे थांबायचे याचा निर्णय एकाने घ्यायचा. प्रवाशासाठी नमाज अर्धी, रोजाची सूट, पाणी नसेल तर स्वच्छ मातीवर तयम्मुम. मराठवाड्याच्या दुष्काळात वाढलेल्या माणसाला तयम्मुमचा अर्थ पुस्तकातून समजावून द्यावा लागत नाही. हैदराबाद संस्थानातली माणसे मक्केत एकत्र राहत ती निजामाच्या रुबातमध्ये. पाचवे निजाम अफजलुद्दौला यांच्या काळापासून संस्थानाच्या प्रजेसाठी मक्का-मदिनेत या धर्मशाळा झाल्या. संस्थान १९४८ मध्ये संपले, १९५६ मध्ये त्याचे तीन तुकडे झाले, नांदेड जिल्ह्यातला मुधोळ तालुका आंध्रात गेला आणि भोकर सीमेवर राहिले. पण मक्केतल्या रुबातच्या लेखी मराठवाडा, तेलंगण आणि कर्नाटकाचे जिल्हे हे एकच संस्थान उरले. तिथल्या मोफत निवासाच्या सोडतीत या तिन्ही भागांतल्या हाजींची नावे घेतली जात आली आहेत. प्रांतरचनेचा कायदा वाळवंटापर्यंत पोचला नाही असे गमतीने म्हणता येईल.

काफिल्याचा इतिहास याहून खूप जुना आहे. हारून रशीदची बेगम जुबेदा (मृत्यू ८३१) हिने कूफा ते मक्का या सुमारे चौदाशे किलोमीटरच्या वाटेवर विहिरी, तलाव आणि मुक्कामाच्या जागा बांधल्या. तिच्या नावाने ती वाट आजही ओळखली जाते. याच वाटेने १३२६ साली इब्न बतूता इराकी काफिल्याबरोबर मक्केहून निघाला. रात्री मशाली पेटवून चालणारी ती रांग, गरिबांना बसवण्यासाठी आणि पाणी वाहण्यासाठी वेगळे ठेवलेले उंट, मोठाल्या तांब्याच्या हंड्यांत शिजणारे गरिबांचे अन्न, हे त्याने पाहिले. हाच माणूस पुढे १३४२च्या सुमारास आपल्या दौलताबादेत आला आणि इथल्या मराठ्यांबद्दल, इथल्या द्राक्ष-डाळिंबांबद्दल लिहून गेला. मराठवाडा आणि त्या वाळवंटाची वाट एकाच माणसाच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. आमच्या कंधारला ज्यांचा दर्गा आहे त्या बुजुर्गांच्या नावातच 'हाजी सय्याह' आहे. सय्याह म्हणजे भटकणारा. लोक उरुसाला जातात, चादर चढवतात, पण नावाचा अर्थ फारसे कुणी विचारत नाही.

हे सारे पंचवीस-तीस वर्षांत बदलले. दमास्कस-मदिना हिजाझ रेल्वे १९०८ साली पुरी झाली. तिच्यासाठी हिंदुस्थानातून, हैदराबादेतूनही वर्गणी गेली होती. टोळ्यांनी तिच्यावर हल्ले केले, कारण आगगाडी म्हणजे त्यांच्या उंटांच्या भाड्यावर कुऱ्हाड. १९२४-२५ मध्ये अब्दुल अझीझ इब्न सौद यांनी मक्का, मदिना आणि जिद्दा घेतले, वाटमारी कडक शिक्षेने बंद केली आणि त्यामागोमाग मोटारी आल्या. सुरुवातीला त्या रेतीत रुतत आणि हाजींना उतरून ढकलाव्या लागत. राबिगच्या किनारी वाटेने मदिनेला जाताना रात्री कहवाखान्याच्या झापाखाली, दोरीच्या बाजेवर मुक्काम पडे. गरीब हाजी आणखी काही वर्षे उंटावरूनच गेले, कारण मोटारीचे भाडे त्यांच्या आवाक्यात नव्हते. मग जागतिक मंदी आली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लाखाच्या घरात असलेली परदेशी हाजींची संख्या १९३३ साली वीस हजारांच्या आसपास उतरली. हाजींकडून मिळणारे उत्पन्न हाच ज्या राज्याचा मुख्य आधार, त्याने त्याच वर्षी अमेरिकन कंपनीला तेल शोधण्याचा परवाना दिला. १९३८ मध्ये दम्मामला तेल लागले. बदूंच्या नातवंडांनी उंट सोडला.

आपल्याकडे याच्या अगोदर तेच घडून गेले होते. आगगाडीने मीठ आणि धान्य वाहायला सुरुवात केली आणि तांड्याचे बैल निकामी झाले. १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी कित्येक भटक्या जमातींना गुन्हेगार ठरवले. हा शिक्का पुसायला १९५२ साल उजाडले. बदूंच्या भूमीत तेल निघाले म्हणून त्यांच्या तंबूची आज सहलीसाठी नक्कल होते, त्यांचा कहवा पाहुण्यांना दिला जातो. बंजाऱ्याच्या जमिनीखाली काही निघाले नाही. तो किनवट-भोकरहून ऊसतोडीला जातो आणि कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोपीत रात्र काढतो. त्या मुक्कामाची जाहिरात कुणी देत नाही.

वाळवंटातला खरा मुक्काम मात्र अजून शिल्लक आहे आणि तो प्रत्येक हाजीला घडतो. जिलहज्जच्या नवव्या तारखेला सूर्य बुडाल्यावर अरफातहून निघायचे आणि नऊ-एक किलोमीटरवर मुज्दलिफाला पोचायचे. तिथे मगरिब आणि इशा एकत्र, आणि रात्र उघड्यावर. तंबू नाही, छत नाही. चटई, उशाला पिशवी, आणि सैतानाला मारण्यासाठी हरभऱ्याएवढे खडे वेचून ठेवायचे. मिनामध्ये तंबू आहेत, पण १५ एप्रिल १९९७च्या आगीत हजारो तंबू जळाले आणि तीनशेहून अधिक हाजी गेले. त्यांत भारतीयही होते. त्यानंतर आग न पकडणाऱ्या कापडाचे, वातानुकूलित तंबू आले. मुज्दलिफाची रात्र तेवढी तशीच राहिली. मक्का-मदिना वेगवान आगगाडी २०१८ मध्ये सुरू झाली. बारा दिवसांची वाट अडीच तासांवर आली. तरी २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१.८ अंशांवर गेला आणि सौदी सरकारच्याच आकड्यानुसार १,३०१ माणसे मेली. त्यांतले बहुसंख्य परवान्याशिवाय आलेले, म्हणजे तंबू, बस, सावली काहीच नसलेले गरीब. सुर्रा आणि ठेकेदारांचा काळ गेला असे म्हणताना हा आकडा आठवावा लागतो.

प्रश्न आहे तो नोंदीचा. बर्टनने लिहिले, बेगमने लिहिले, उर्दूतल्या मौलवींनी आणि वकिलांनी सफरनामे लिहिले. भोकरच्या पिंजाऱ्याने लिहिले नाही. तो घरी दख्खनी बोलत होता, बाजारात मराठी, आणि कागदावर अंगठा उठवत होता. ज्या थोड्या घरांत पत्रे, पासाचे कागद, जहाजाच्या पावत्या होत्या, त्यांतल्या कितीतरी घरांची १९४८च्या सप्टेंबरनंतर वाताहत झाली. सुंदरलाल समितीने सर्वांत जास्त झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे सांगितले, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर नांदेडही आहे. राहिले ते सामान: पत्र्याची पेटी, तिच्यावर तेलरंगाने लिहिलेले नाव, गाव, तालुका आणि 'मुंबई-जिद्दा', जमजमचा डाग धरलेला पत्र्याचा डबा, अरबी अक्षरांचा एखादा रुमाल. घर बांधताना, रंग देताना या पेट्या भंगारात जातात. ज्यांच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांनी ती खाली काढावी, तिच्यावरचे नाव, तारीख आणि जहाज वाचावे, आणि घरात ऐंशी-पंचाऐंशीच्या पुढचे कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसून विचारावे की दादा-परदादा गेले तेव्हा बरोबर कोण कोण होते, शुग्दुफच्या दुसऱ्या पाळण्यात कोण बसले होते, आणि त्यांच्यातले किती जण परत आले.